रिकाम्या जागा आणि बाबासाहेब : बंगाल, मुंबई, भंडारा

दरवर्षी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या आसपास एक मजकूर आपल्या मोबाईलवर फिरतो. बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवणारे जेसोर-खुलना हे हिंदूबहुल भाग काँग्रेसने सूड म्हणून पाकिस्तानला देऊन टाकले आणि त्यामुळे बाबासाहेबांची जागा गेली, असे त्यात असते. काँग्रेसने बाबासाहेबांना विरोध केला हे सत्यच आहे. पण हे सत्य सांगायला चुकीच्या पुराव्याची गरज नाही. चुकीचा पुरावा दिला की विरोधक तेवढाच खोडून काढतो आणि आपली खरी बाजूही संशयात आणतो. म्हणून आम्ही हा इतिहास नीट मांडत आहोत.

सुरुवात पुणे करारापासून करावी लागते. १९३२ च्या करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्याऐवजी प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. आकडा वाढला, पण मताची ताकद गेली. राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार जणांची निवड करायची आणि त्या चारांतून अंतिम प्रतिनिधी मात्र सर्व हिंदू मतदारांनी मिळून निवडायचा, अशी ती पद्धत होती. म्हणजे आपल्या लोकांनी पहिल्या क्रमांकावर ठेवलेला माणूस पाडून चौथ्या क्रमांकाचा माणूस "तुमचा प्रतिनिधी" म्हणून बसवता येत होता. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत नेमके हेच घडले. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार प्राथमिक फेरीत अनेक ठिकाणी पुढे होते. अंतिम फेरीत ते जवळपास सर्वत्र पडले.

याचा परिणाम तेवढ्यावर थांबला नाही. संविधान सभेचे सदस्य जनतेने थेट निवडलेच नव्हते. ते प्रांतिक विधानसभांच्या आमदारांनी निवडले. ज्यांच्याकडे आमदार नाहीत त्यांना संविधान सभेचे दार बंद. मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना जाता येईना ते यामुळेच.

दार उघडले बंगालमध्ये. तिथे विधानसभेत अनुसूचित जातींसाठी ३० जागा राखीव होत्या आणि फेडरेशनच्या तिकिटावर निवडून आलेले एकच आमदार होते, जोगेंद्रनाथ मंडल. ते नामशूद्र समाजातले. संविधान सभेची निवडणूक एकल संक्रमणीय मतपद्धतीने होती, त्यामुळे पहिल्या पसंतीची मोजकी मते मिळाली तरी जागा निघू शकत होती. मंडल यांनी पक्षाच्या भिंती ओलांडून इतर अनुसूचित जातींच्या आमदारांना जोडले आणि जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून निवडून आले. एका आमदाराने आपली जागा कशी वापरावी याचे इतके मोठे उदाहरण आपल्या चळवळीत दुसरे नाही. तरीही आपल्या किती वस्त्यांत मंडल यांचा फोटो आहे?

आता त्या फिरणाऱ्या मजकुराकडे येऊ. बाबासाहेबांना जेसोर किंवा खुलन्याच्या मतदारांनी निवडले नव्हते, बंगाल विधानसभेच्या आमदारांनी निवडले होते. ३ जून १९४७ च्या योजनेत बंगाल आणि पंजाबची फाळणी ठरली आणि या विभागलेल्या प्रांतांचे प्रतिनिधी नव्याने निवडायचे ठरले. अखंड बंगालचा मतदारसंघच उरला नाही, म्हणून जुनी निवड संपली. खुलना पूर्व बंगालात टाकणारा रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्ट १९४७ ला. तोवर बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून येऊन मंत्रिमंडळात कायदामंत्रीही झाले होते. कारण नंतर आणि परिणाम आधी, असे होऊ शकत नाही.

मुंबईची जागा कशी मिळाली? बॅ. मु. रा. जयकर यांनी संविधान सभेचा राजीनामा दिल्याने ती रिकामी झाली होती. राजेंद्रप्रसादांनी ३० जून १९४७ रोजी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिले की, संविधान सभेतले आणि समित्यांतले बाबासाहेबांचे काम पाहता त्यांना मुकणे परवडणारे नाही. १४ जुलैच्या अधिवेशनाआधी त्यांची निवड व्हावी. तशी ती झाली.

"बघा, काँग्रेसनेच तुमच्या बाबासाहेबांना निवडून दिले," असे सांगणारे इथे थांबतात. आम्ही त्यांना एक प्रश्न विचारतो. वर्षभरापूर्वी याच विधानसभेतून हा मार्ग बंद का होता? मधल्या काळात बाबासाहेबांनी १७ डिसेंबर १९४६ चे भाषण केले, मूलभूत हक्कांच्या समितीत काम केले, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन दिले. मंडल यांनी मिळवून दिलेली जागा नसती तर हे सभागृहाने पाहिलेच नसते. बंगालची जागा आपल्या बळावर मिळाली आणि त्या जागेवरच्या कामाने मुंबईची जागा देणे भाग पाडले. याला उपकार म्हणत नाहीत.

उपकार असता तर तो पुढेही दिसला असता. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी बाबासाहेबांना सुमारे १४ हजार मतांनी पाडले. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली, तिथेही काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले. दोन्ही द्विसदस्यीय मतदारसंघ होते. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. भंडाऱ्यात सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर बाबासाहेब पडले. संविधानाचा शिल्पकार लोकसभेत एकदाही जाऊ शकला नाही, तो राज्यसभेतच राहिला. १९३२ ची पद्धत बदलली होती, पण राखीव जागेचा निकाल कोणाच्या मतावर लागतो हे बदलले नव्हते.

रिकाम्या जागेचा प्रश्न आजही आहे. १९९६ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ नुसार पोटनिवडणूक सहा महिन्यांत घ्यावी लागते. मुदतीत वर्षापेक्षा कमी काळ उरला असेल, किंवा आयोगाने केंद्राशी विचारविनिमय करून अडचण प्रमाणित केली, तर सूट मिळते. मार्च २०२३ मध्ये पुण्याची लोकसभेची जागा रिकामी झाली आणि मुदत संपेपर्यंत रिकामीच राहिली. विधान परिषदेच्या राज्यपालनियुक्त १२ जागांना तर अशी मुदतही नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने नावे पाठवली, ती राज्यपालांनी तशीच ठेवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांचा शपथविधी झाला, तोही दुसऱ्या सरकारच्या यादीतून.

जागा कधी भरायची आणि कधी रिकामी ठेवायची, हे सत्तेचे हत्यार आहे. त्याला उत्तर १९४६ च्या बंगालने दिले आहे. एकच आमदार होता, पण त्याला मतपद्धत कळत होती, कोणाची मते जोडायची हे ठाऊक होते आणि तो विकला गेला नव्हता. आपल्या कार्यकर्त्यांनी मतदार यादी, राखीव मतदारसंघ आणि पोटनिवडणुकीचे नियम तोंडपाठ केले पाहिजेत. पुढच्या जयंतीला तो खोटा मजकूर पुढे पाठवण्याऐवजी जोगेंद्रनाथ मंडल यांचे नाव पुढे पाठवा.

जयभीम!