दुसऱ्या पंपाची कुळकथा

बोअरची मोटर घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, "किती स्टेजची?" पाणी जितकं खोल तितक्या स्टेज जास्त, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पहिल्या स्टेजचा इंपेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक, पाणी जेवढं चढवता येईल तेवढं चढवतो आणि दुसऱ्याच्या तोंडी देतो, दुसरा तिसऱ्याच्या. पाणी तेवढंच राहतं, दाब मात्र वाढत जातो. अमेरिकेत घरच्या जलतरण तलावाशेजारी मोठ्या पंपाला लागून एक छोटा बूस्टर पंप बसवलेला दिसतो. त्याचं मूळ तत्त्व हेच.

'बूस्ट' हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी बोलीतला. झाडावर चढणाऱ्या पोराला खालून हात देऊन वर ढकलणं, हा त्याचा साधा अर्थ. शब्द नेमका आहे, कारण पोर आधी झाडाला बिलगलेलं असायला हवं. जमिनीवर स्वस्थ बसलेल्याला खालून हात देता येत नाही. ही गोष्ट पुढे कामी येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात परसदारी तलाव बांधण्याची लाट आली. थॉमस चर्च या उद्यानरचनाकाराने 1948 मध्ये सोनोमा परगण्यात डॉनेल कुटुंबाच्या बागेत मूत्रपिंडाच्या आकाराचा तलाव केला आणि तो आकार अनेकांच्या मनात भरला. असे वळणदार तलाव सोपे झाले ते गनाइटमुळे, म्हणजे दाबाने फवारलेल्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणामुळे. त्याचं यंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल एकली याने बनवलं होतं, आणि हा गृहस्थ मूळचा संग्रहालयासाठी मृत प्राण्यांचे हुबेहूब नमुने उभारणारा! तलाव सुंदर झाले, पण झाडं परसातच होती. पानं गळत, धूळ तळाशी बसे, आणि घरातलं कुणीतरी लांब दांड्याचा ब्रश घेऊन रविवारची सकाळ काठावर घालवी.

तलावाला पंप होताच. मग तोच सफाईला का जुंपला नाही? या कथेचा गाभा इथे आहे, आणि बूस्टर घेणाऱ्या बहुतेकांची चूकही इथेच होते. मोठा पंप अशक्त पडतो म्हणून त्याच्या मदतीला बूस्टर येतो, असं ते समजतात. तसं नाही. दोघांची कामंच वेगळी आहेत. समजा तलावात 75,000 लिटर पाणी आहे आणि ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून फिरवायचं आहे. म्हणजे मिनिटाला दीडशे लिटरहून थोडं जास्त पाणी हलवावं लागतं. फिल्टरला असं भरपूर पण संथ पाणी हवं असतं. जोर केला तर वाळूच्या थरातून घाण आरपार निसटते. तळ खरवडणाऱ्या यंत्राला याच्या नेमकं उलट लागतं: थोडंच पाणी, पण बारीक तोंडातून सुसाट सुटणारं. एकाच पंपाने दोघांना खूश करायचं म्हटलं तर एकाची उपासमार ठरलेली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन परगण्यात राहणाऱ्या हॉवर्ड आर्नेसनचा 'पूल स्वीप' 1960 च्या दशकात या अडचणीवर उत्तर घेऊन आला. पाण्यावर तरंगणारं एक डोकं, त्याला लोंबणाऱ्या लवचिक नळ्या. नळ्यांच्या टोकांतून झोत सुटला की त्या चाबकासारख्या वळवळत भिंती आणि तळ झोडपत. उडालेली घाण पाण्यात तरंगू लागे आणि पुढे फिल्टर ती पकडे. हे झोत मारायला वेगळा दाब हवा, म्हणून वेगळा पंप आला. आर्नेसनने पुढे वेगवान बोटींसाठी पाण्याच्या पृष्ठभागालगत चालणारी पंख्याची रचना केली. पाण्याला ढकलण्याचा नाद आयुष्यभर सुटला नाही, असा हा माणूस.

बूस्टरच्या पोटातलं यंत्र मात्र बरंच जुनं. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात जॉन अ‍ॅपोल्डने वक्र पात्यांचा केंद्रोत्सारी पंप चालवून दाखवला. सरळ पाती लावली तेव्हा कार्यक्षमता 24 टक्के भरली, वक्र पात्यांनी ती 68 टक्क्यांवर गेली. पात्याला दिलेल्या एका बाकाने एवढा फरक पडला! याच कुळातला पंप 1926 मध्ये किर्लोस्करवाडीला बनू लागला आणि आपल्याकडच्या विहिरींवरची मोट हळूहळू मागे पडली. बूस्टरमध्ये इंपेलर अरुंद असतो: पाणी थोडं घेतो, त्याला दाब जास्त देतो.

1974 मध्ये मेल्विन हेन्किन आणि जॉर्डन लेबी यांना तळावर चालणाऱ्या चाकांच्या सफाईयंत्राचं पेटंट मिळालं. पोलारिस कंपनीच्या सफाईगाड्या याच परंपरेतल्या. बूस्टरचं पाणी नळीतून गाडीत येतं. थोडं पाणी चाकं फिरवतं, थोडं शेपटीसारखी नळी हलवतं, आणि उरलेलं गाडीच्या घशातून वर उसळताना आपल्याबरोबर पानं-वाळू ओढून पिशवीत टाकतं. दाब बरोबर आहे का, हे पाहण्याची कारागिरांची रीत मला फार आवडते. गाडी पाण्याखाली धरायची, चाकावरची खूण पाहत मिनिटाचे फेरे मोजायचे. पोलारिस 280 ला 28 ते 32 फेरे हवेत. कमी पडले तर फिल्टर तुंबला असेल किंवा नळी गळत असेल.

त्याच 1974 साली दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए याने 'क्रीपी क्रॉली' तयार केली. ती मोठ्या पंपाच्या ओढीवरच चालते, तिला बूस्टर लागत नाही. दोन खंडांत एकाच दुखण्यावर दोन औषधं निघाली, एक ढकलण्याचं आणि एक ओढण्याचं.

आता ते झाडावरचं पोर. घरगुती बूस्टर स्वतः पाणी उचलत नाही. त्याला मोठ्या पंपाने फिल्टरपलीकडून दाबाखाली पाणी पुरवावं लागतं. मोठा पंप बंद असताना बूस्टर सुरू झाला तर तो कोरडा फिरतो आणि दांड्याभोवतीचं सील जळतं. म्हणून दोघांचे टायमर वेगळे असतात: बूस्टर मोठ्या पंपानंतर निदान अर्ध्या तासाने सुरू करायचा आणि त्याच्या अर्धा तास आधी बंद करायचा. बूस्टर बिघडल्याच्या तक्रारीत मी असतो तर पंप उघडण्याआधी हे टायमरच तपासले असते. वीज जाऊन आली आणि एक घड्याळ मागे पडलं, एवढंही पुरतं.

विजेचा हिशेब पुढे सरकारनेही मांडला. अमेरिकेत 19 जुलै 2021 पासून तलावाच्या पंपांना ऊर्जा-कार्यक्षमतेचे नियम लागू झाले आणि त्यात सफाईच्या बूस्टर पंपाला स्वतंत्र वर्ग मिळाला. तोवर स्वतःची मोटर पोटात घेऊन फिरणारे विजेवरचे रोबो अनेक घरांत पोचले होते. त्यांना ना दुसरा पंप लागतो, ना वेगळी पाइपलाइन. अशा घरी बूस्टर काढून नेतात, पण त्याची नळी काँक्रीटमध्ये पुरलेली असते, ती निघत नाही. तलावाच्या भिंतीतलं तिचं छोटं तोंड बूच मारून बंद करतात.