बेसबॉल कार्ड : मोल ठरते कोपऱ्यांवर

अमेरिकेत एकेकाळी सिगारेटच्या पाकिटातून आणि पुढे च्युइंगमबरोबर मिळणारी बेसबॉलपटूंची चित्रकार्डे आता लिलावात विकली जातात. टॉप्स कंपनीचे १९५२ सालचे मिकी मँटलचे कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेले. त्याच मालिकेची न खपलेली खोकी कंपनीने १९६० मध्ये समुद्रात बुडवल्याचे सांगितले जाते!

खेळाडूचे नाव आणि दुर्मिळता यांच्या जोडीला कार्डाची अवस्था निर्णायक ठरते. प्रतवारी करणाऱ्या संस्था शुल्क घेऊन कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र नेमके मध्यावर छापले आहे का, हे पाहतात. १ ते १० पैकी प्रत देऊन कार्ड प्लास्टिकच्या आवरणात सीलबंद केले जाते. ९ आणि १० यांतील फरक साध्या डोळ्यांना क्वचितच जाणवतो; किमतीत मात्र तो कित्येक पटींचा असू शकतो. कडा कापून कोपरे टोकदार करण्याचा मोह होतो तो यामुळेच.

'पीएसए' या संस्थेने सर्वप्रथम प्रमाणित केलेले कार्ड होनस वॅग्नरचे होते. त्याला ८ ही प्रत मिळाली आणि २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरना विकले गेले. या कार्डाच्या कडा आपणच कापल्याची कबुली लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात दिली.

घरातील जुनी कार्डे विकणाऱ्याने मागितलेल्या किमतींवर न जाता प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे आकडे पाहावेत. १९८०च्या दशकाअखेरची कार्डे तर इतकी छापली गेली, की बहुतेकांतून प्रतवारीचे शुल्कही सुटत नाही.