एका आडव्या रेघेची गोष्ट

स्वल्पविराम द्यावा की आडवी रेघ ओढावी, हा प्रश्न इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना क्षुल्लक वाटतो. अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट गावच्या एका कवयित्रीच्या कवितांचे रूप मात्र याच प्रश्नापायी तब्बल ६५ वर्षे पालटून गेले होते.

एमिली डिकिन्सन १८८६ साली वारली. हयातीत तिच्या जेमतेम दहा कविता छापल्या गेल्या, त्याही निनावी. तिच्या पश्चात बहीण लॅव्हिनिया हिला हाताने शिवलेल्या वह्या सापडल्या. पुढे सगळ्या मिळून कविता भरल्या जवळजवळ १८००, आणि त्यांत ओळीओळीला रेघा!

स्वल्पविराम म्हणजे शिस्तीचा कारकून. वाक्य अजून पुरे व्हायचे आहे, एवढे सांगून तो पुढची वाट दाखवितो. अपसारणचिन्ह वाट दाखवीत नाही. ते वाचकाला उंबरठ्यावर उभे करते. पुढचा शब्द खुलासा असेल, आक्षेप असेल, नाहीतर नुसता निःश्वास. (आपल्या मोडी पत्रांत यांतले काहीच नव्हते. ही चिन्हे मराठीत रुजविण्यात मेजर कँडींचा मोठा वाटा. तेव्हा आपण फार ऐट मिरवू नये.)

एमिलीला या चिन्हांची पर्वा नव्हती, असे मात्र मुळीच नाही. १८६६ साली स्प्रिंगफील्डच्या ‘रिपब्लिकन’ पत्रात तिची सापावरची कविता छापून आली. तिच्या मनात तिसरी ओळ चौथीत वाहत जात होती. छापताना तिसरीच्या शेवटी प्रश्नचिन्ह ठोकले गेले. त्या दोन ओळी एकच होत्या हो, अशी तक्रार तिने थॉमस हिगिन्सन या साहित्यिक स्नेह्याला लिहून कळविली.

आणि दैव पाहा! १८९० साली मेबल टॉड बाईंच्या जोडीने तिचा पहिला संग्रह संपादिला तो याच हिगिन्सनने. कित्येक रेघा गेल्या. जागोजागी स्वल्पविराम आले, शीर्षके आली, कुठे यमकासाठी शब्दही बदलले. त्या दोघांना दुष्ट म्हणणे माझ्या जिवावर येते. लोकांना रुचेल असे रूप त्यांनी दिले, म्हणून तर संग्रह हातोहात खपला. पण जिची तक्रार आपल्याच नावे आली होती, तिच्या रेघांना हात लावताना हिगिन्सनला ते पत्र आठवले नसेल काय?

१९५५ साली थॉमस जॉन्सन यांनी तीन खंडांत त्या रेघा परत आणल्या. छापखान्यात सगळ्या एकाच मापाच्या झाल्या, एवढेच. १९८१ साली वह्यांच्या हुबेहूब प्रती निघाल्या, तेव्हा दिसले की तिच्या हातची रेघ कुठे आखूड, कुठे लांब, कुठे वर चढलेली, कुठे खाली उतरलेली. आणि काही ठिकाणी तर ही रेघ आहे की स्वल्पविराम, हेच सांगता येत नाही.