मुरंब्याचे भटकर, ‘परम ८०००’ आणि ग्राफिक्स कार्डाचा कागद (थ्रेड)

अकोल्याच्या एका मित्राने संगणक जुळवण्यासाठी आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड घेतले आणि त्याचे वैशिष्ट्यपत्रक मला पाठवले. सोबत प्रश्न होता : ‘यावर १२.७ टेराफ्लॉप्स लिहिले आहे. भटकर सरांचा परम १ गिगाफ्लॉप्सचा. म्हणजे माझ्या टेबलावर बारा हजार परम आहेत का?’

प्रश्न गमतीचा, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने गंभीरपणे घ्यावा असा आहे. दोन काळांतील आकडे शेजारी मांडताना ते एकाच मापाने मोजले आहेत का, हे आपण क्वचितच विचारतो.

प्रथम पार्श्वभूमी. विजय भटकर यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ रोजी अकोला जिल्ह्यातील मुरंबा (तालुका मुर्तिजापूर) या गावी झाला. शिक्षण नागपूर, बडोदा आणि दिल्ली येथे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, तेव्हा ते संस्थेचे पहिले संचालक झाले. अमेरिकेने दिल्लीच्या हवामानकेंद्रासाठी क्रे एक्स-एमपी हे यंत्र अटी घालून दिले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवे असलेले अधिक शक्तिशाली यंत्र मात्र मिळाले नाही. सी-डॅकपुढे उद्दिष्ट ठेवले गेले : तीन वर्षांत १ गिगाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी दशांश-गणिते.

१९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. त्याच्या गाभ्यात ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीची टी-८०० ही चिप होती. तिला ‘ट्रान्स्प्युटर’ म्हणत. प्रत्येक चिपला शेजारणींशी बोलण्यासाठी चार दुवे असत. एकट्या टी-८०० चा प्रत्यक्ष वेग दीड मेगाफ्लॉप्सच्या आसपास, म्हणजे क्रेपुढे नगण्य. कल्पना अशी की असे अनेक छोटे गणक एकत्र जोडावेत आणि काम वाटून द्यावे. आज ग्राफिक्स कार्डातील हजारो ‘कोअर’ ज्या तत्त्वावर चालतात, त्याचे हे दूरचे नाते. (वंशज मात्र म्हणू नये. ग्राफिक्स कार्डाचे कूळ वेगळे, ते खेळांच्या पडद्यावरून आले आहे.)

परमची सैद्धांतिक कमाल १ गिगाफ्लॉप्स होती. प्रत्यक्ष कामात मिळे १०० ते २०० मेगाफ्लॉप्स. क्रे एक्स-एमपीच्या एका प्रोसेसरची कमाल २०० मेगाफ्लॉप्सहून थोडी अधिक. कमालीची कमालीशी तुलना केली तर परम चार-पाच पट पुढे दिसतो. परमचा प्रत्यक्ष वेग क्रेच्या कमालीशेजारी ठेवला तर तो मागे पडतो. दोन्ही वाक्यांतील आकडे खरे, आणि दुसरी तुलना उघडच अन्यायाची.

ही दरी का पडते? आपल्याकडचाच दाखला घेऊ. शंभर बाया कापूस वेचत आहेत आणि तो शेताबाहेर न्यायला एकच बंडी आहे. वेचणीचा वेग मोजला तर आकडा मोठा येईल. संध्याकाळी जिनिंगवर पोहोचलेला कापूस मोजला तर बंडीचा वेग कळेल. परममध्ये बंडी म्हणजे चिपांमधले दुवे. ग्राफिक्स कार्डात बंडी म्हणजे मेमरीची बँडविड्थ.

आता कार्डांची जोडी पाहू. २०१८ चे आरटीएक्स २०८० टीआय : ४३५२ कोअर, १३.४ टेराफ्लॉप्स, बँडविड्थ सेकंदाला ६१६ गिगाबाइट. २०२० चे आरटीएक्स ३०७० : ५८८८ कोअर, २०.३ टेराफ्लॉप्स, बँडविड्थ ४४८. कागदावर नवे कार्ड दीडपट. खेळांत दोघांची कामगिरी जवळपास सारखी. एक कारण बंडी. दुसरे अधिक मौजेचे : नव्या पिढीत निम्मे कोअर दशांश-गणित आणि पूर्णांक-गणित यांपैकी एका वेळी एकच करू शकतात, तरी पत्रकात ते सगळे दशांशाच्या खात्यावर मोजले जातात. खेळांना दोन्ही लागतात. पत्रक खोटे नाही, पण त्यातील ‘कोअर’ या शब्दाचा अर्थ दोन वर्षांत बदलला होता. जुन्या दस्तऐवजातील ‘बिघा’ वाचताना आपण कोणत्या मुलखाचा बिघा, असे विचारतो. तसेच हे.

मित्राच्या प्रश्नाकडे परत येऊ. १२.७ टेराफ्लॉप्स हा आकडा ३२ बिटी गणिताचा आहे. महासंगणकांची टॉप५०० यादी ६४ बिटी गणितावर ठरते. त्या अचूकतेत आरटीएक्स ३०६० चा वेग ३२ बिटीच्या चौसष्टावा भाग, म्हणजे साधारण ०.२ टेराफ्लॉप्स. सी-डॅकचा २००२ चा ‘परम पद्म’ १ टेराफ्लॉप्सचा होता. म्हणजे वीस वर्षांपूर्वीचे पुण्याचे यंत्र या मापाने आजही मित्राच्या कार्डाच्या पाचपट आहे! ‘परम ८०००’ च्या बारा हजार पटींचे दोनशे पट उरतात. तेही कमी नाही. पण मित्र थोडा खट्टू झाला.

आता वऱ्हाडातल्या वाचकांना कदाचित न रुचणारा भाग. १९९० मध्ये झुरिकच्या प्रदर्शनात परमचे प्रारूप जगात दुसरे ठरले, असे सर्रास लिहिले जाते. पण टॉप५०० ची पहिली यादी जून १९९३ ची. त्याआधी जगभरच्या यंत्रांना एका मापाने क्रम देणारी ती यादीच नव्हती. म्हणून ‘दुसरा क्रमांक’ वाचताना कोणत्या कसोटीत, कोणांमध्ये, हे विचारले पाहिजे. भटकरांचे कर्तृत्व त्या क्रमांकावर अवलंबून नाही. विकत घेतलेल्या साध्या चिपांतून, जोडणी आणि प्रणाली स्वतः रचून, तीन वर्षांत यंत्र उभे राहिले, ही गोष्ट पुरेशी मोठी आहे. यादीतले पडताळता येणारे क्रमांक हवे असतील तर : परम पद्म, जून २००३, १७१ वा, पुण्याचाच टाटांचा ‘एका’, नोव्हेंबर २००७, चौथा, सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’, नोव्हेंबर २०२०, ६३ वा.

परम सिद्धीच्या पोटात एनव्हिडियाचे ए१०० हे ग्राफिक्स प्रोसेसर आहेत. मित्राचे कार्ड त्याच ‘अँपिअर’ पिढीचे. पण ए१०० ६४ बिटीत ९.७ टेराफ्लॉप्स देतो. वैज्ञानिक कामासाठी तो भाग ठेवला, खेळणाऱ्यांसाठी कापला. १९९१ मध्ये चिप ब्रिटनची होती, २०२० मध्ये अमेरिकेची.

आणि वैशिष्ट्यपत्रक आजही राजकीय दस्तऐवज आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला जाणाऱ्या प्रोसेसरांवर मर्यादा घातली. तीत गणनशक्तीबरोबर चिपांमधल्या दळणवळणाचा वेगही होता, सेकंदाला ६०० गिगाबाइट. एनव्हिडियाने चीनसाठी ए८०० काढला. गणिताचा वेग ए१०० इतकाच ठेवला आणि चिपांमधला दुवा तेवढा ६०० वरून ४०० वर आणला. म्हणजे वेचणाऱ्या बाया तेवढ्याच ठेवून बंडी लहान केली.