अमालची कुबडी आणि नाताळच्या प्रेमकथा

२४ डिसेंबर १९५१. नाताळच्या पूर्वसंध्येला न्यूयॉर्कमधील एनबीसी या वाहिनीच्या कलागृहातून एक छोटी संगीतिका थेट प्रक्षेपित झाली. तिचे नाव ‘अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’. अमेरिकेत खास दूरचित्रवाणीसाठी रचलेली ही पहिली संगीतिका. तिचा कर्ता जान कार्लो मेनोत्ती इटलीत वाढलेला. त्याच्या बालपणी मुलांना भेटी आणीत ते तीन राजे. सांताक्लॉजची तिथे गाठ नव्हती. अमेरिकेत आल्यावर त्या राजांचा त्याला विसर पडला होता. मेट्रोपॉलिटन संग्रहालयात बॉश या जुन्या चित्रकाराचे ‘राजांचे वंदन’ हे चित्र पाहताना ते त्याला पुन्हा भेटले आणि त्यातून ही कथा जन्मली.

कथा साधीच आहे. अमाल हा एका पायाने अधू, कुबडीच्या आधाराने चालणारा मेंढपाळाचा मुलगा. आई विधवा. घरात ना सरपण, ना अन्न. रात्री दारावर थाप पडते आणि तीन राजे आसरा मागतात. शेजारचे मेंढपाळ आपल्याजवळचे फळफळावळ घेऊन त्यांच्या पाहुणचाराला धावतात. सारे निजल्यावर आईची नजर राजांच्या सोन्यावर जाते. एवढ्या सोन्यात आपल्या लेकराचे काय काय होईल, या विचाराने ती हात पुढे करते आणि पकडली जाते. राजा मात्र तिला सोने ठेवून घ्यायला सांगतो. ज्या बाळाच्या शोधात आम्ही निघालो आहोत, त्याचे राज्य सोन्यावर नव्हे तर प्रेमावर उभे राहणार आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय. आई ओशाळून सोने परत करते. आपल्यालाही त्या बाळाला काही देता आले असते तर, असे तिला वाटते. पण देण्यासारखे घरात काहीच नसते. तेव्हा अमाल आपली कुबडी पुढे करतो आणि त्याच क्षणी कुबडीविना चालू लागतो.

या कार्यक्रमाचा प्रायोजक होता हॉलमार्क. शुभेच्छापत्रे छापणारी ही कंपनी. १९१० साली अठरा वर्षांचा जॉईस हॉल हा तरुण पोस्टकार्डांनी भरलेली बुटांची खोकी घेऊन कॅन्सस सिटीत आला आणि त्यातून हा व्यवसाय उभा राहिला. आज अमेरिकेत हॉलमार्क म्हटले की नाताळातील दूरचित्रवाणीवरील प्रेमकथा डोळ्यांपुढे येतात. नेटफ्लिक्सने २०१७ साली ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ काढून त्याच वाटेवर पाऊल ठेवले आणि भ्रमणध्वनीच्या कृपेने असे चित्रपट आपल्याही घरांत पोहोचले. म्हणून अमालच्या कुबडीपासून या प्रेमकथांपर्यंतचा प्रवास वाचकांसमोर मांडावासा वाटतो.

मधली काही दशके नाताळचे दूरचित्रपट मुख्यतः कुटुंबाच्या कथा सांगत. १९७१ च्या डिसेंबरात सीबीएस वाहिनीवर ‘द होमकमिंग’ दाखवला गेला. काळ १९३३ च्या महामंदीचा. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातील एक मोठे, गरीब कुटुंब नाताळच्या आदल्या रात्री कामावरून घरी निघालेल्या बापाची वाट पाहते. बर्फ पडत असतो आणि तो सुखरूप येईल की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. प्रेक्षकांना तो इतका भावला की पुढच्याच वर्षी त्यातून ‘द वॉल्टन्स’ ही दीर्घकाळ चाललेली मालिका उभी राहिली.

यानंतरचा इतिहास आपल्यासारख्या वाचकांना विशेष विचार करायला लावणारा आहे. १९८८ साली अमेरिकेतील विविध धर्मपंथांच्या सहकार्याने एक उपग्रह वाहिनी सुरू झाली. श्रद्धेचे कार्यक्रम घरोघर पोहोचवावेत हा तिचा हेतू. १९९६ मध्ये तिचे नाव ‘ओडिसी’ झाले. दशकाच्या अखेरीस हॉलमार्कने तिच्यात भांडवल घातले आणि २००१ साली तिचेच नाव ‘हॉलमार्क चॅनेल’ ठेवले गेले. २००९ पासून या वाहिनीने ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’, म्हणजे नाताळची उलटी मोजणी, सुरू केली आणि प्रेमकथांचा ओघ वाढत गेला. ज्या वाहिनीचा पाया धर्मपंथांनी घातला, तिच्यावर नाताळ उरला. पण ज्याचा तो जन्मदिवस, ते बाळ बहुधा पडद्याआड गेले.

या चित्रपटांचा साचा ठरलेला असतो. मोठ्या शहरात नोकरीत गुरफटलेली तरुणी नाताळासाठी आपल्या लहानशा गावी परतते. तिथे एखादा सालस तरुण, पुष्कळदा लहान मुलगी पदरी असलेला विधुर, तिला भेटतो. गावची बेकरी किंवा जुने अतिथिगृह बंद पडण्याच्या बेतात असते. शेवटापूर्वी एक गैरसमज होतो, तो मिटतो, बर्फ पडू लागते आणि एका चुंबनावर कथा संपते. जाहिरातींसाठी थांबावे लागत असल्याने कथानकाचे तुकडेही मोजूनमापून पाडलेले असतात. चित्रीकरण सुमारे तीन आठवड्यांत उरकते. ते बहुधा कॅनडात आणि पुष्कळदा भर उन्हाळ्यात होते. नट लोकरीचे कोट घालून घामाघूम होतात आणि बर्फ कृत्रिम असते.

तरीही त्यांची थट्टा करून मोकळे होणे न्यायाचे नाही. त्यांत हिंसा नाही, शिवीगाळ नाही. आजी आणि नात शेजारी बसून ते पाहू शकतात. आजच्या पडद्यावर ही गोष्ट दुर्मीळ आहे. वैधव्य, दुरावलेले वडील, मोडलेला साखरपुडा अशी खरी दुःखे त्यांत हळुवारपणे येतात. २००६ सालच्या ‘द ख्रिसमस कार्ड’ मध्ये अफगाणिस्तानातील एका सैनिकाला अनोळखी तरुणीचे शुभेच्छापत्र मिळते आणि तेवढ्या ओळींचा त्याला आधार होतो. त्यातील वडिलांच्या भूमिकेसाठी एड ॲस्नर या बुजुर्ग नटाला एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले होते. मुख्य म्हणजे, शेवट गोडच होणार हे आधीच ठाऊक असणे हेच एकट्या माणसाला हवे असते. ज्यांची मुले परदेशी गेली आहेत असे आईवडील आपल्या धर्मग्रामांतही आहेत. घरी परतणाऱ्या लेकीची कथा पाहून त्यांचे डोळे पाणावले तर त्यांना हसण्याचा अधिकार कोणाला आहे?

पण उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. पहिली उणीव काळाची. ही उलटी मोजणी अलीकडे ऑक्टोबरातच, सकल संतांच्या सणाआधीच सुरू होते. आगमनकाळाची शांत प्रतीक्षा त्यात बुडून जाते आणि ख्रिस्तसभेचा नाताळकाळ जेमतेम सुरू होतो, तोच मोजणी संपते. दुसरी उणीव माणसांची. या गावांत भुकेलेला माणूस सहसा दिसत नाही. अडचण येते ती बेकरीच्या कर्जाची, आणि एका संध्याकाळच्या उत्सवात तेही फिटते. कितीतरी वर्षे नायक-नायिका बहुतेक गोऱ्याच असत; टीका झाल्यावर अलीकडच्या काळात हे चित्र बदलू लागले. तिसरी आणि सर्वांत मोठी उणीव देण्याची. अमालच्या कथेत भेट म्हणजे ज्याच्यावाचून आपले चालत नाही, तेच देऊन टाकणे. या कथांत नायिकेला प्रियकर मिळतो, घर मिळते, मनासारखे कामही मिळते. पण तिच्या हातून काही सुटत असेल तर ती शहरातली नोकरी, आणि तीही तिला नकोशीच झालेली असते.

ही पोकळी तिकडेही जाणवली आहे. २०२१ मध्ये हॉलमार्कच्याच एका माजी प्रमुखाने दुसरी वाहिनी हाती घेतली आणि तिच्यावरील नाताळच्या चित्रपटांत श्रद्धेला उघडपणे स्थान देण्याचे धोरण ठेवले. हेतू स्तुत्य आहे. मात्र जुन्याच साच्यात एक प्रार्थना बसवल्याने कथा ख्रिस्ती होत नाही. १९५१ च्या त्या संगीतिकेत बाळ येशू रंगमंचावर एकदाही येत नाही. तरी ती आरंभापासून अखेरपर्यंत त्याचीच कथा आहे, कारण तिच्यातला प्रत्येक जण त्याला काय देता येईल या प्रश्नापुढे उभा राहतो.

१२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो येथे गव्हाणीचा देखावा उभा केला. २०१९ च्या डिसेंबरात त्याच ग्रेच्चोला जाऊन दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी गव्हाणीवर एक पत्र प्रसृत केले. गोठ्यात आपण मांडतो त्या भिकाऱ्यांच्या आणि साध्या माणसांच्या मूर्तींनाही तिथे हक्काची जागा आहे, असे त्यांनी त्यात आवर्जून सांगितले. दूरचित्रवाणीच्या त्या सुबक गावांत नेमकी हीच माणसे हरवली आहेत.

वाचकहो, नाताळच्या सुटीत घरची मंडळी असा एखादा चित्रपट लावून बसली तर खुशाल त्यांच्याबरोबर बसावे, हसावे, डोळेही पुसावेत. मात्र चित्रपट संपल्यावर दिवा लावून मुलांना अमालची गोष्ट सांगावी. आणि ज्या शेजाऱ्याच्या घरी या वर्षी कोणीच परतून येणार नाही, त्याच्या दारावर त्या रात्री आपण थाप द्यावी.