दौंडच्या डॉक्टरांनी विचारलेला जाब

२५ एप्रिल १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावात फळ्या बांधून प्रथमोपचार झाले आणि ९ मे रोजी, सुमारे दोनशे मैलांच्या टॅक्सीप्रवासानंतर, मुलगा पुण्यात एका सर्जनच्या रुग्णालयात पोचला. मॉर्फियाची दोन इंजेक्शनं ठरली होती, दिलं गेलं एकच. पूर्ण भूल न देता, नको इतका जोर लावून पाय ओढला, प्लास्टर घातलं. संध्याकाळपर्यंत औषधाचा अंमल उतरेल, असं सांगितल्यावर वडील दौंडला परतले. रात्री नऊला मुलगा गेला.

वडील, त्र्यंबक बापू गोडबोले, स्वतः डॉक्टर होते. मी कार्ले फाट्यावर प्रॅक्टिस करतो आणि ही गोष्ट मला सारखी अस्वस्थ करते. ज्याला मात्रा कळते, धोका कळतो, तोसुद्धा एका आश्वासनावर निघून गेला. मग शेतकऱ्याने काय करावं?

गोडबोल्यांनी जाब विचारला, आणि न्यायालयांत वर्षानुवर्षं विचारत राहिले. रक्तवाहिनीत चरबीची गुठळी अडकून मृत्यू झाला, हा सर्जनचा बचाव टिकला नाही. २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. मुलाच्या मोलापुढे ही रक्कम काहीच नव्हे. पण रुग्ण हाती घ्यायचा का, उपचार कोणते आणि ते कसे करायचे, या प्रत्येक टप्प्यावर काळजी घेणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, हे त्या निकालात स्वच्छ लिहिलं गेलं. उपचार निवडायची मोकळीक डॉक्टरला आहे, तातडीच्या वेळी तर जास्तच, हेही त्यातच आहे. आमचे लोक ते विसरतात आणि उगाच घाबरतात. १३ नोव्हेंबर १९९५ ला वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, तेव्हाही अशीच घबराट होती.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर अपघात झाला, की मोडलेला पाय बांधून पुण्याला पाठवणं माझ्याकडे येतं. "डॉक्टर, तुमच्यावर सोडलंय," असं म्हणत बायाबापड्या हात जोडतात. मी चिठ्ठीमागे लिहून देतो: भूल कोण देणार? रात्री जवळ कोणता डॉक्टर असणार? "मावशी, हे विचारल्याशिवाय सही करू नका. पुण्याच्या डॉक्टरांना राग आला तर माझं नाव सांगा."