गंजाखाली कोण कोण

स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा कशाचा, सांगा पाहू? बोफोर्स नव्हे, मुंदडा प्रकरणही नव्हे. तो होता जुन्या जीपगाड्यांचा. १९४८ साली काश्मीरात लढाई चालू होती, लष्कराला गाड्या हव्या होत्या आणि लंडनमधले आपले हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनी दोन हजार जीपचा सौदा केला. नव्या कोऱ्या नाहीत बरं का, 'रीकंडिशन' केलेल्या. म्हणजे महायुद्धात वापरून झालेल्या, डागडुजी करून रंग मारलेल्या. सौदा सुमारे ८० लाख रुपयांचा. त्यातल्या १५५ गाड्या मद्रास बंदरात उतरल्या आणि बघणाऱ्यांनी सांगितलं, या कामाच्या नाहीत. संसदेत काही वर्षं आरडाओरडा झाला. सप्टेंबर १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंतांनी प्रकरण बंद झाल्याचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये मेनन मंत्रिमंडळात आले.

हे सगळं वाचायचं कारण असं, की सध्या मी स्वतःच रीकंडिशनच्या नादाला लागलोय. दोन हजार नाही, एकच :-) १९६७ची महिंद्रा जीप, सेलू तालुक्यातल्या एका शेतकरी काकांकडून घेतलेली. आठवडाभर पुण्यात कोड लिहायचा, महिन्यातून एका शुक्रवारी संध्याकाळी आझाद हिंद पकडायची, शनिवारी सकाळी वर्ध्याला उतरायचं आणि दोन दिवस गंज खरवडायचा. पाना कुठल्या बाजूने फिरवायचा इथपासून सुरुवात होती. शिकवणारे मिस्त्री मूळचे ट्रॅक्टरवाले आहेत, आणि ते ट्रॅक्टरवालेच असणं किती महत्त्वाचं आहे ते पुढे येईलच.

नवख्या माणसाला या छंदात सगळ्यात आधी एक शब्द ऐकू येतो. 'ओरिजिनल'. इंजिन ओरिजिनल आहे का? चेसिस नंबर जुळतो का? रंग कंपनीचा का? आपल्याला वाटतं, गंज काढला की खालून ओरिजिनल गाडी निघेल. प्रत्यक्षात खालून निघते दुसरीच गाडी. तिच्या खाली तिसरी. मग प्रश्न पडतो की यातली कुठली परत आणायची?

काका विकताना म्हणाले होते, "मिलिटरीची आहे." जुनी जीप विकणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. त्यात आमच्या जिल्ह्यात पुलगावला लष्कराचा भलामोठा दारूगोळा डेपो, त्यामुळे कुणालाही ते पटतं. पण जुनं आरसी पुस्तक उघडलं तर पहिला मालक निघाला जिल्ह्यातल्याच एका पंचायत समितीचा गटविकास अधिकारी. म्हणजे बीडीओ. आणि मागच्या पत्र्यावरचा हिरवा रंग पॉलिश पेपरने घासला तर खाली निळा, त्याखाली करडा, आणि करड्यावर पांढऱ्या अक्षरांचे तुकडे: 'पं. स.'

आता थोडा इतिहास. महायुद्धात विलिज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर विलिजने तीच गाडी 'सिव्हिलियन जीप' म्हणून शेतकऱ्याला विकायला काढली. नांगर जोडा, मळणीयंत्राला पट्टा लावा, रविवारी चर्चला न्या, अशा थाटाची जाहिरात. इकडे २ ऑक्टोबर १९४५ ला 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. भागीदारांपैकी मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली आणि मुंबईत माझगावला विलिजच्या सुट्या भागांतून जीप जोडू लागली. पुढे हळूहळू भागही इथेच बनू लागले. माझी गाडी 'सीजे-थ्री-बी' प्रकारातली. अमेरिकेत ती १९६८ला बंद झाली, आपल्याकडे मात्र नावं बदलत, बॉनेटचा तोच उंच डबा घेऊन पुढे कित्येक वर्षं चालली. बॉनेट उंच का, तर आतलं 'एफ-हेड' इंजिन उंच. पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची गंमतशीर रचना.

अमेरिकेतली शेतकऱ्याची गाडी आपल्याकडे आली ती मात्र साहेबाची गाडी म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ ला (परत गांधीजयंती!) सामूहिक विकास योजना सुरू झाली. तालुक्यांचे 'ब्लॉक' झाले, ब्लॉकला अधिकारी आला, अधिकाऱ्याला जीप आली. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, तेव्हा जीप त्यांच्या दारात उभी राहिली. शेतकऱ्याच्या दारात नाही. सुधारित बियाणं, डीडीटीची फवारणी, दुष्काळी कामांची पाहणी, निवडणूक, सगळं जीपमधून येणार.

आणि १९७६ ही जीपमधूनच आलं. काकांची आई नव्वदीला टेकलेली. मी गाडीखालून काळा होऊन बाहेर आलो तर ओट्यावरून म्हणाल्या, "हे गाडी पयले गावात आली का माणसं तुरीत जाऊन लपे." नसबंदीच्या मोहिमेचा काळ. तुरीचं पीक डोक्याएवढं वाढतं, आत माणूस दिसत नाही. नेमकी हीच गाडी होती की दुसरी, हे त्या सांगू शकत नाहीत, आणि त्याने काही फरकही पडत नाही. आवाज हाच. मी तोवर तो करडा रंग आणि 'पं. स.' अक्षरं जशीच्या तशी परत रंगवून घ्यायच्या विचारात होतो. भारी दिसलं असतं, फोटोही छान आले असते. त्या दिवशी संध्याकाळी तो विचार जरा थंडावला.

सरकारने वापरून झाल्यावर गाडी लिलावात निघाली आणि काकांच्या वडलांनी घेतली. इथून तिसरी गाडी सुरू होते. आमच्याकडे शेतात जायच्या वाटेला पांदण म्हणतात. उन्हाळ्यात पांदण म्हणजे धुळीचा ओढा, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. ही माती भिजली की फुगते आणि चाकाला असं धरते की चाक फिरायचं बंद होतं. इथे चार चाकांना जोर देणारी गाडी हवी हे खरंच, पण पेट्रोल पिणारी परवडत नव्हती. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि जागोजागी जुन्या जीपमधली पेट्रोल इंजिनं उतरवून डिझेल बसवायला सुरुवात झाली. पुढे महिंद्रानेही डिझेल जीप काढल्या. माझ्या गाडीत जे बसलंय ते 'इंटरनॅशनल' घराण्यातलं, म्हणजे बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाचं भावंड. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारी करून ट्रॅक्टर कंपनी काढली होती, त्यांचा हा ट्रॅक्टर गावोगाव पोचला. ट्रॅक्टर पोचला म्हणजे त्याचे पार्ट पोचले, आणि ते उघडून बसवणारे हात तयार झाले. सेलूत एफ-हेडचा व्हॉल्व मिळणं कठीण, इंटरनॅशनलची रिंग मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात. जीपला पन्नास-पंचावन्न वर्षं जिवंत ठेवलं ते या ट्रॅक्टरवाल्या मिस्त्र्यांनी. माझगावचा त्यात हात कमीच.

इंजिन बदलायची वर्ध्याची परंपरा तर त्याहून जुनी आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला शेगावात राहायला गेले (सेवाग्राम हे नाव १९४० चं), तेव्हा वर्ध्याहून तिथे जायचा रस्ता म्हणजे पांदणच. जमनालाल बजाजांच्या फोर्ड गाडीला बैल जुंपले आणि फोर्डला 'ऑक्स' लागल्यामुळे तिचं नाव 'ऑक्सफर्ड' पडलं, ही गोष्ट वर्ध्यात प्रत्येकाने ऐकलेली असते. लोक ती विनोद म्हणून सांगतात. मला आता ती इंजिनिअरिंगची गोष्ट वाटते. जिथे पेट्रोल आणि पार्ट मिळत नाहीत पण गवळाऊ बैल मिळतो, तिथे दुसरं काय करणार? गवळाऊ ही याच जिल्ह्यातली, आर्वीकडची जात. अंगाने हलकी, दुडक्या चालीची. मराठ्यांच्या फौजा वाहतुकीला हीच जनावरं वापरत. ऑफरोडिंगच म्हणा की!

बरं, प्रत्यक्ष कामाबद्दल थोडं, कारण तुमच्यातल्या दोघा-तिघांच्या डोक्यात हा किडा आहे हे मला माहितीये.

रंगाचा विचार सगळ्यात शेवटी. आधी हातोडी घेऊन चेसिस ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत गंज. आमच्याकडे चेसिसच्या खोबणीत काळी माती भरून विटेसारखी घट्ट झालेली असते. ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. मी तीन टोपली माती काढली. सीटखालच्या पेटीतून सरकी निघाली, कापूस हिंगणघाटला नेल्याची खूण. फरशीखाली आडव्या पट्ट्या असतात, त्या हमखास गेलेल्या असतात, आणि वरून रबराची मॅट टाकलेली असल्यामुळे दिसत नाहीत. मॅट उचलल्याशिवाय पैसे देऊ नका.

नंतर ब्रेक. या गाड्यांमध्ये चारही चाकांना एकच ऑइलची लाइन. एका ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक गेले. हँडब्रेक चाकावर नाही, मागे जाणाऱ्या शाफ्टवर लागतो. तो उभ्या गाडीसाठी आहे, पळत्या गाडीत ओढायचा नाही. पहिला गेअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडत नाही. आणि पुढच्या चाकांचा दांडा डांबरी रस्त्यावर टाकायचा नाही, कारण मध्ये डिफरन्शियल नसल्यामुळे वळणावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पिळतात. चिखलात चाक घसरून तो पीळ सुटतो, डांबरावर सुटत नाही.

गंजलेल्या नटवर जोर लावायचा नाही. डिझेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी आधी थोडा आवळायचा आणि मग सोडवायचा. सोडवण्यासाठी आवळायचा, हे मला कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडलं नव्हतं. मिस्त्रींनी सांगितलं.

आता पुन्हा त्या 'ओरिजिनल'कडे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम काढले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी, त्यात मोठे बदल केलेले नकोत. नोंदणी झाली तर 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो, २० हजार रुपये भरून, दहा वर्षांसाठी. पण मग ती गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बस.

माझ्या गाडीला वय आहे, स्वरूप नाही. एफ-हेड इंजिन शोधून बसवता येतं. मंडी डबवालीला जीपचा आख्खा बाजार आहे, आणि फिलिपिन्समध्ये तर विलिजच्या नव्या बॉड्या आजही बनतात. पैसे टाकले तर १९६७ची माझगावहून निघालेली जीप उभी करता येईल. पण तसं करायला जी गाडी सेलूच्या पांदणीत चाळीसेक वर्षं राबली ती भंगारात द्यावी लागेल. उरेल ती फक्त बीडीओची. नियमाच्या भाषेत माझ्या गाडीतला 'मोठा बदल' म्हणजे शेतकऱ्याचा सगळा भाग. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण ती रेघ गाडी कारखान्यातून बाहेर पडली तिथे मारलीय.

मिस्त्रींना मी हे सगळं सविस्तर समजावलं. ते रिंगा मोजत होते. म्हणाले, "चांगलं चालून राह्यलं इंजिन, कामून काढता भाऊ?"

तर डिझेल तेच राहिलं. आरसीवर ते आधीच चढवलेलं होतं, त्यामुळे साध्या नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण सरळ झालं. रंग बाहेरून निळा, काकांच्या वडलांनी दिला होता तोच. मागच्या पत्र्यावर वीतभर जागा घासून तशीच सोडलीय: हिरवा, निळा, करडा आणि त्यातलं 'पं.' वर पारदर्शक लाखेचा हात, म्हणजे गंज चढणार नाही. काकांच्या आईंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून बघितलं आणि विचारलं, "हे पुसाचं राह्यलं का?"

पुढच्या खेपेला वायरिंग. मागच्या दिव्याला कुणीतरी पंपसेटची केबल वापरलीय, आणि ती काढावी की ठेवावी यावर माझा आणि मिस्त्रींचा वाद अजून मिटायचाय.